फेरतपासणी : मुलाची आणि मुलीचीही



गव्हातील ग्लूटेन ज्यांच्या आतड्यास सोसत नाही, त्यांच्या विकारास सीलिअॅक म्हणतात. गव्हाचा हा दोष डच बालवैद्य विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला. गहू व जव जन्मभर वर्ज्य करणे, हाच त्यावरील उपाय होय.

परंतु पथ्य सुरू झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. काही महिन्यांनी आणि पुढे प्रतिवर्षी रक्त तपासावे लागते. पांडुरोग व हाडांची झीज यांवर लक्ष ठेवावे लागते. येथेच पंक्तिप्रपंच होतो. उत्तर भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत या रोगाच्या मुलींपेक्षा मुलगेच अधिक आढळले. पाश्चात्त्य देशांत मात्र स्त्रीरुग्ण अधिक. मुलीस दवाखान्यात नेण्यातील हयगय हे त्याचे एक कारण सांगतात. पहिल्या तपासणीची ही कथा, मग फेरतपासणीची काय असेल?

शाळेत आम्ही हेच पाहिले. मुलगा फिकट दिसला की वडील शहर गाठीत. मुलगी फिकट दिसली तर ती ‘नाजूक’ ठरे.

ज्ञातिनिधीतून गरजू कुटुंबांस तपासणीचा व प्रवासाचा खर्च मिळावा, आणि त्या यादीत मुलींची व सुनांची नावे आधी लिहावी, अशी आमची नम्र विनंती आहे.