ओल, गोगलगाय आणि लिव्हर फ्लूक

श्रोतेहो, मेंढीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज आली आणि डोळ्यांच्या आतली कड पांढरी पडली, की जाणता मेंढपाळ ओळखतो, पोटात ‘चपटा’ शिरला. आम्ही पशुवैद्य त्याला लिव्हर फ्लूक म्हणतो. झाडाच्या पानासारखा चपटा, यकृतात राहणारा हा कृमी. आज मी त्याच्या औषधाबद्दल थोडं आणि त्याच्या पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे. कारण त्याचं निम्मं आयुष्य जनावराबाहेर, ओल्या जागीच जातं.

शेणा-लेंड्यांतून त्याची अंडी पाण्यात जातात आणि उबेत दोन-तीन आठवड्यांत फुटतात. बाहेर आलेल्या पिल्लाला जेमतेम एक दिवसाचं आयुष्य. तेवढ्या वेळात गोड्या पाण्यातली एक विशिष्ट गोगलगाय गाठली नाही, तर ते मरतं. गाठली, तर तिच्या पोटात एकाचे शेकडो होतात. ते बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात, भोवती कवच करतात आणि चरणाऱ्या तोंडाची वाट पाहतात. ओल राहिली तर ते महिनोन्‌महिने जगतात. कडक, कोरड्या उन्हात मात्र त्यांचा निभाव लागत नाही.

हवामान बदललं, उष्मा वाढला, की कृमी वाढणारच, असं सरसकट बोललं जातं. इंग्लंडसारख्या थंड देशात त्यात तथ्य आहे. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की अंड्याची वाढ थांबते, त्यामुळे तिथला सौम्य हिवाळा कृमीच्या पथ्यावर पडतो. आपल्याकडे उबेची वाण कधीच नव्हती. इथे हिशेब ओलीचा आहे. काठचा चिखल किती दिवस ओला राहतो, एवढाच प्रश्न.

आणि ते दिवस सरकू लागलेत. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. कागदावर नऊ दिवस. गोगलगायीला तेवढे पुष्कळ झाले. वर अवकाळीचा तडाखा आहेच.

दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या एका मेंढपाळाने मला विचारलं, “डॉक्टर, पाऊस संपल्यावर डोस द्या म्हणता. पण पाऊस संपला हे ओळखायचं कसं?” प्रश्न बिनतोड आहे. ही औषधं अंगात फार काळ टिकत नाहीत. आज डोस दिला आणि पुढचे तीन आठवडे कळप ओल्या खाचरात चरला, तर लागण पुन्हा होते.

दुष्काळी वर्षी तरी सुटका असेल असं वाटतं. पण तळी आटली की गावची सगळी गुरं उरलेल्या एकाच पाणवठ्यावर जमतात. हिरवं गवतही तिथेच, गोगलगायीही तिथेच. पाणी ओसरलेल्या गाळपेर जमिनीवर 2018-19 च्या दुष्काळात चारा घेण्यात आला. जनावरं जगवायला तो हवाच होता. पण असा चारा ओला न घालता दोन-तीन दिवस उन्हात खडखडीत वाळवून घालावा. भाताच्या पेंढ्याचंही तेच. त्यातही बुडखा जास्त जोखमीचा.

तेव्हा डोसासाठी कॅलेंडर पाहू नका, पाणवठ्याचा काठ पाहा. काठ सुकून भेगा पडल्या की डोस द्या. काठ ओलाच राहणार असेल तर आधी एक आणि सुकल्यावर पुन्हा एक, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. औषध कोणतं, हेही विचारून घ्या. काही औषधं फक्त मोठे कृमी मारतात, यकृत पोखरत फिरणारी पिल्लं तशीच राहतात. शेण तपासणीत अंडी दिसली नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. लागण झाल्यावर अंडी दिसायला तीनेक महिने लागतात, आणि मेंढी त्याआधीच दगावू शकते.