हरवलेल्या ठोक्यांचा हिशेब



या परिषदेच्या या वर्षीच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत. 

अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो थोडक्यात घेते. क्लाउडचा पसारा वाढतोच आहे. व्हर्च्युअल मशीनची बरीच कामं कंटेनरांनी उचलली आहेत. आर्म प्रोसेसर मोबाईलमधून सर्व्हरपर्यंत पोहोचले आहेत. या प्रत्येक विषयावर उद्या-परवा स्वतंत्र सत्रं आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणारी माणसं समोर बसली आहेत. ज्या विषयावर एकही सत्र नाही, त्यावर मला बोलायचं आहे. तो विषय आहे टायमर इंटरप्ट, म्हणजे वेळ झाल्याची प्रोसेसरला सूचना देणारा ठोका.

गेली अनेक वर्षं मी श्रोत्यांत बसून व्हर्च्युअल मशीनवरचे निबंध ऐकते आहे. डिस्क किती वेगाने वाचली, नेटवर्कवरून किती डेटा गेला, एका सर्व्हरवर किती मशीन बसवली, याचे आलेख दाखवले जातात. आत चालणाऱ्या गेस्टला वेळ बरोबर कळत होती का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी विचारला तेव्हा ‘ते एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) बघून घेईल’ असं उत्तर मिळालं आणि पुढचा निबंध सुरू झाला. आज माझ्या हाती माईक आहे, तर माझं म्हणणं स्पष्ट मांडते. गेस्टला वेळेबद्दल खोटं सांगण्याचा अधिकार तो चालवणाऱ्या हायपरवायझरला नाही. इंटरप्ट उशिरा पोहोचला तर ते समजून घेता येतं. उशीर झाला हेच लपवलं, तर त्या मशीनवर कुणी विश्वास ठेवू नये.

या दुर्लक्षाचं मूळ जुनं आहे. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीन कशाला म्हणावं याच्या काटेकोर अटी मांडल्या. प्रोग्राम खऱ्या यंत्रावर जसा वागतो तसाच इथेही वागला पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. पण तिला त्यांनी सवलत जोडली: वेळेमुळे पडणारे फरक सोडून. त्या काळी आयबीएमच्या यंत्रांवर अनेक जण एकाच वेळी टर्मिनलवर बसून काम करत. उत्तर थोडं उशिरा आलं तरी कुणाचं बिघडत नसे. तेव्हा ती सवलत रास्तच होती. त्यानंतर काळ बदलला, यंत्रं बदलली, कामं बदलली, आणि आपण मात्र त्या एका सवलतीवर पन्नास वर्षं काढली.

ठोके कसे हरवतात ते विद्यार्थ्यांसाठी सांगते. जुन्या पीसीमधला इंटेल ८२५४ टायमर सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदनं मोजतो. डॉसच्या काळात त्याला ६५,५३६ ने भागून सेकंदाला साधारण १८.२ इंटरप्ट येत आणि त्यांची गणती म्हणजेच घड्याळ. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत पीसीवर सेकंदाला १०० ठोके होते, २.६ मध्ये ते १००० झाले. म्हणजे दर मिलिसेकंदाला एक. खऱ्या यंत्रावर इंटरप्ट येतो तेव्हा प्रोसेसर जागेवर असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र ठोक्याची वेळ होते तेव्हा होस्टने, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्रणेने, प्रोसेसर भलत्याच कामाला लावलेला असू शकतो. गेस्ट जागा होईपर्यंत पाच ठोके होऊन गेलेले असतात आणि त्याच्या पदरात एकच पडतो.

‘एनटीपी बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. शंभरातला एक ठोका हरवला तर घड्याळ दिवसाला ८६४ सेकंद, म्हणजे चौदा मिनिटांहून अधिक मागे पडतं. एनटीपी घड्याळाचा वेग हळूहळू सुधारतं तेव्हा त्याची मर्यादा दहा लाखांत ५०० भागांची असते, म्हणजे दिवसाला फार तर ४३ सेकंद. त्यापुढे घड्याळाला उडीच मारावी लागते आणि नोंदींमधली अंतरं खोटी होतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटा सेंटरांनी आणि कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवून ठेवायची आहेत. कागदावर ती जुळलेली असतील. दोन जुळवण्यांच्या मधल्या काळात गेस्टने काय लिहून ठेवलं, ते कोण तपासतं?

आता आपल्यातल्या जुन्या वादाकडे येते. हरवलेले ठोके गेस्टला मागाहून भरून द्यावेत, असा एक पक्ष. ते सोडून द्यावेत, असा दुसरा. लिनक्सचा हायपरवायझर केव्हीएम, त्याच्या जुन्या टायमरला दोन्ही धोरणं आहेत. झेन या दुसऱ्या हायपरवायझरमध्ये तर चार पर्याय होते. व्हीएमवेअर ठोके भरून द्यायचं आणि काही लिनक्स आवृत्त्या हरवलेले ठोके स्वतःही मोजून घ्यायच्या. मग दुहेरी भरपाई होऊन घड्याळ पुढे पळायचं. या वादावर तावातावाने बोललं जातं. मी एका साखर कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगते.

तिथल्या वजनकाट्यावर डॉसमधला फॉक्सप्रोचा प्रोग्राम चालत असे. जुना संगणक बंद पडला, तेव्हा पुरवठादाराने तो प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये घालून नव्या सर्व्हरवर बसवला. गाळप हंगाम ऐन भरात होता. त्याच सर्व्हरवर रात्री बॅकअप चाले, आणि बॅकअप सुरू झाला की काट्याचे ठोके हरवत. पहाटेपर्यंत पावतीवरची वेळ फाटकावरच्या वहीच्या मागे पडे. गाडी वहीत नोंदली जाण्याआधीच तिचं वजन झालं, असं पावती सांगू लागली. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो आणि त्याचं वजन घटतं, त्यामुळे शेतकरी वेळ नीट पाहतो. काटा मारला जातो या संशयाने आपल्याकडे आधीच किती भांडणं होतात, ते मी सांगायला नको.

पुरवठादाराने मग दुसरं धोरण लावलं. ठोके भरून मिळू लागले आणि पावतीवरची वेळ जुळली. तेव्हा दुसरंच दुखणं निघालं. एकाच रिकाम्या ट्रॉलीचं वजन दोन खेपांना वेगळं येऊ लागलं. काट्यावर गाडी चढली की ती स्थिर होईपर्यंत प्रोग्राम ठरावीक ठोके थांबे आणि मग वजन नोंदवे. साचलेले ठोके एका दमात आले की ती प्रतीक्षा क्षणात संपे आणि गाडी हलत असतानाच आकडा छापला जाई. पाळीचं पाणी चुकलं म्हणून पुढच्या पाळीला दुप्पट सोडलं तर पीक भिजत नाही, माती वाहून जाते. तिथे तेच झालं. त्या व्हर्च्युअल मशीनला एक कोर स्वतंत्र दिला आणि बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, तेव्हा दोन्ही दुखणी संपली.

माझ्या लेखी हा वाद तिथेच निकालात निघाला. ठोके सोडले तर घड्याळ खोटं होतं, भरून दिले तर कालावधी खोटा होतो. ज्या गेस्टजवळ ठोके मोजण्यापलीकडे वेळ कळण्याचा मार्ग नाही, त्याला ठोका वेळेवरच मिळाला पाहिजे. तशी हमी देता येत नसेल, तर त्याला व्हर्च्युअल मशीनमध्ये घालू नये.

दुसरा वाद अपुऱ्या हार्डवेअरचा. ‘नवं घ्या, प्रश्न मिटेल’ असं इथे सर्रास सांगितलं जातं. हे ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. आपल्या कित्येक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र रास्पबेरी पाय ३ चे बोर्ड आहेत आणि तेच राहणार आहेत. त्याच्या कॉर्टेक्स-ए५३ प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे, गेस्टसाठी स्वतंत्र व्हर्च्युअल टायमरही आहे. नाही ते आर्मचं जीआयसी, म्हणजे गेस्टपर्यंत इंटरप्ट पोहोचवणारा नियंत्रक. टायमर आहे आणि त्याची हाक पोहोचवायला कुणी नाही, अशी ती स्थिती. २०१७ मध्ये केव्हीएममध्ये त्यावर तोड आली. टायमर वाजला की होस्टचं कर्नल गेस्टला थांबवतं आणि इंटरप्टची रेषा वर गेल्याचं क्यूएमूला, म्हणजे गेस्टची उपकरणं साकारणाऱ्या प्रोग्रामला, कळवतं. क्यूएमू आपल्या सॉफ्टवेअरमधल्या जीआयसीमार्फत तो इंटरप्ट गेस्टला देतं.

यात एक मेख आहे. ही रेषा गेस्टने टायमर पुन्हा लावेपर्यंत वरच राहते. होस्टने तो इंटरप्ट तोवर दाबून ठेवला नाही, तर गेस्टमध्ये पाऊल टाकताच तो पुन्हा वाजतो आणि गेस्ट जागचा हलत नाही. एका प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांनी या टप्प्यावर गोठलेला पडदा मला दाखवला होता. त्यांच्या मार्गदर्शकांनी बोर्डालाच नालायक ठरवलं होतं. मी त्या मुलांना इंटरप्टचा माग काढायला बसवलं. त्यांनी दाबण्याची जागा शोधली आणि गेस्ट चालू लागला.

त्या गेस्टचे इंटरप्ट लांबच्या वाटेने येत, म्हणून उशिरा येत. तरीही त्याचं घड्याळ बरोबर होतं, कारण आर्मचा गेस्ट हार्डवेअरमधला व्हर्च्युअल काउंटर थेट वाचतो. इंटरप्टला किती उशीर झाला हे त्याला स्वतःला कळतं. साखर कारखान्यातला सर्व्हर या बोर्डाच्या कितीतरी पट ताकदवान होता, पण त्याने गेस्टला फसवलं. या गरीब बोर्डाने फसवलं नाही. यंत्राची किंमत यात कुठेही आड आली नाही. आणि नव्या यंत्रांचंही सांगते: आर्मच्या जीआयसी असलेल्या यंत्रावरही गेस्टचा टायमर वाजला की इंटरप्ट आधी होस्टकडेच जातो. उशीर तिथेही आहे, फक्त कमी आहे.

लिनक्सला हे बऱ्याच आधी उमगलं. २००७ मध्ये २.६.२१ आवृत्तीपासून ते ठरावीक ठोक्यांवर विसंबणं सोडू लागलं. केव्हीएमचं क्लॉक गेस्टला खरी वेळ सांगतं आणि होस्टने त्याचा किती वेळ हिरावून घेतला तेही त्याला कळवता येतं. साधनं तयार आहेत. आपल्या अभ्यासक्रमात ती शिकवली जात नाहीत, निविदांत मागितली जात नाहीत आणि आपल्या निबंधांत मोजली जात नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. हातात घड्याळ असलेली पिढी आपण घडवली आणि यंत्राच्या घड्याळाकडे पाहायला तिला शिकवलं नाही.

कामं काय करावीत, याबद्दल थोडं सुचवते. जुन्या आणि अपुऱ्या यंत्रांवर ठोक्यांचा उशीर मोजणारा एक चाचणी संच आपण मिळून तयार करावा. या विषयावर मराठीत एक पुस्तिका निघावी, वजनकाटे आणि नोंदयंत्रं सांभाळणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. निविदांसाठी वेळेच्या अचूकतेचं एक कलम लिहून द्यावं. तपशील कार्यकारिणीने बसून ठरवावेत. मी हाताशी आहेच.

एक मागणी मात्र आजच करते. यापुढे या व्यासपीठावर कुणी व्हर्च्युअल मशीनच्या वेगाचा आकडा मांडला, तर सभागृहाने त्याला दोन प्रश्न विचारावेत. इंटरप्ट जास्तीत जास्त किती उशिरा पोहोचला? आणि तो उशीर गेस्टला कळला का? या प्रश्नांची उत्तरं नसतील, तर तो निबंध कितीही मोठ्या नावाचा असो, तो आपण परत पाठवावा. सुरुवात उद्याच्या पहिल्या सत्रापासून करा. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.