एस.टी. चालकाचा धनी कोण?

(भिंगार येथील भाषणाचा मजकूर)



राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी शेजारच्याच अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि पुणे यांच्या दरम्यान धावली. ती चालविणाऱ्याचा धनी कोण, हा वाद मात्र मिटलेला नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ मध्ये मोफत प्रवास, २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट, हे सरकारने ठरविले, योग्यच केले. वेतनाचा विषय निघताच मात्र महामंडळ स्वायत्त ठरते! मंत्रालयातील मोटारचालकास वेतन आयोग. घाटातून पन्नास जीव सुखरूप नेणाऱ्यास वेतनकरार, तोही रखडणारा.

दिल्ली पोलिसांतील चालक रणधीर सिंग यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निर्णय दिला : काम तेच, मालक तोच, तर केवळ खाते वेगळे म्हणून वेतनश्रेणी कमी ठेवता येत नाही. एस.टी. चालकाचे घोडे ‘मालक तोच’ येथेच अडते. म्हणून २०२१-२२ च्या संपात विलीनीकरणाची मागणी पेटली. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने ती अमान्य केली.

दरम्यान मूळ वेतनात वाढ झाली : दहा वर्षांपर्यंतच्या सेवेस ५,००० रुपये, वीस वर्षांवरील सेवेस २,५००. ज्याची उमर चाकामागे झिजली, त्याच्या पदरी निम्मे! सरसकट ६,५०० कबूल होण्यास सप्टेंबर २०२४ चा संप लागला.

विलीनीकरणावाचूनही ही श्रेणी शासकीय चालकाच्या श्रेणीशी लेखी जोडता येते. सवलतींची भरपाई सरकारी तिजोरी करते. वेतनातील फरकही तिनेच सोसावा, ही मागणी तारकपूरपासून प्रत्येक आगारात नेली पाहिजे.