सातशे नंबरच्या फॉर्मवरची सही



२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानाने भारतीय वायुसेनेचा निरोप घेतला. १९६३ साली ते दाखल झाले तेही चंदीगडलाच, २८व्या स्क्वाड्रनमध्ये. निरोपाच्या वेळी बोलले ते मुख्यतः वैमानिक, आणि त्यांचा तो हक्कच होता. पण साठ-बासष्ट वर्षांत या विमानाला सर्वांत जास्त हात लागले ते जमिनीवरच्या माणसांचे: एंजिन फिटर, एअरफ्रेम फिटर, तोफा-बॉम्ब सांभाळणारे आर्मामेंटवाले, इलेक्ट्रिकलवाले, इन्स्ट्रुमेंटवाले, रेडिओवाले. जेट विमानांचा एक सबंध इतिहास या एअरमन मंडळींच्या आठवणीत साठलेला आहे. आजचे व्याख्यान त्या इतिहासाविषयी.

निवृत्त फिटरशी बोलायला बसले की पहिला फरक लगेच जाणवतो. वैमानिक मोहीम सांगतो, फिटर विमानाचा नंबर सांगतो. शेपटीवरचा तो नंबर पन्नास वर्षांनीही त्याच्या ओठांवर असतो. कुठल्या नंबरला हायड्रॉलिकची गळती होती, कुठल्याचा रेडिओ ऐनवेळी रुसायचा, कुठला ‘स्नॅग’, म्हणजे बिघाड, तीन पाळ्या पुरला, हे सगळे त्यासोबत येते. मिग-२१च्या एफएल प्रकाराचे ते नाव तो क्वचितच घेतो. त्याच्या बोलीत ते ‘टाइप ७७’.

मिग आले तेव्हा वायुसेनेची जेट विमाने पश्चिमेकडची होती. १९४८चे व्हॅम्पायर आणि १९५७चे हंटर ब्रिटिश, मधली तुफानी आणि मिस्टीअर फ्रेंच. हंटरवर शिकलेल्या माणसाचा हात इंचाच्या मापाला सरावलेला. मिगचे सगळे मेट्रिक: पाने वेगळे, दाब किलोग्रॅममध्ये, वेग ताशी किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, वर रशियन अक्षरे. दोन भिन्न यंत्रपरंपरा एकाच हँगरमध्ये, पुष्कळदा एकाच माणसाच्या हाती नांदल्या. या शिक्षणाची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही.

मिगचे एंजिन बदलणे हे मोठे काम. मागचा अर्धा भाग बोल्ट सोडून वेगळा करायचा, शेपटीसकट ट्रॉलीवर मागे ओढायचा, मग एंजिन बाहेर काढायचे. जोडताना प्रत्येक नळी, प्रत्येक तार, प्रत्येक कंट्रोल रॉड जिथल्या तिथे बसला पाहिजे. उतरण्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे शेपटीकडून ब्रेक पॅराशूट सोडावे लागे. धावपट्टीवर पडलेले ते पॅराशूट धावत जाऊन गोळा करायचे, तपासायचे आणि पुन्हा घट्ट घडी घालून खोबणीत दाबून बसवायचे, हेही जमिनीवरच्या माणसांचेच काम. उन्हाळ्यातल्या दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावणे मुश्कील होई, तरी काम चालूच राही.

६ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटवर हल्ला केला. जमिनीवर उभी असलेली आपली सुमारे दहा विमाने जळाली, त्यांत नव्याकोऱ्या मिगपैकी दोन होती. तिथल्या फिटरसाठी ती आकडेवारी नव्हती. सकाळी ज्या विमानावर काम केले तेच डोळ्यांसमोर पेटलेले. त्यानंतर तळांवर विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे, म्हणजे ब्लास्ट पेन, उभे राहिले. १९७१च्या युद्धात याच पेनमध्ये, ब्लॅकआउटच्या अंधारात, विमाने इंधन भरून सज्ज केली गेली.

लोंगेवालाचेच बघा. चित्रपटामुळे ते नाव घराघरांत पोहोचले. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे २३ पंजाबच्या सुमारे १२० जवानांच्या ठाण्यावर चालून आले. जैसलमेरची हंटर विमाने रात्रीच्या लढाईसाठी सज्ज नव्हती, म्हणून पहाटेची वाट पाहणे भाग होते. उजाडताच ती निघाली आणि दिवसभर जोडीजोडीने जात-येत राहिली. विमाने मोजकीच, मग हल्ला अखंड चालला तो कसा? उत्तर जमिनीवर आहे. हंटरच्या चार ३० मिलिमीटर तोफा आणि त्यांच्या गोळ्या एकाच पेटीवजा ‘गन पॅक’मध्ये असत. विमान उतरले की रिकामा पॅक खाली घ्यायचा, आधीच भरून ठेवलेला वर चढवायचा. तोफांच्या नळ्या विमानातच राहत. काही मिनिटांत तोफा तयार. तोवर दुसरे हात इंधन भरत, रॉकेट लावत, टायर बघत. लोंगेवालाच्या वाळूत जळालेल्या रणगाड्यांच्या हिशेबात या मिनिटांचा वाटा मोठा आहे, आणि त्या आर्मामेंटवाल्यांची नावे कुठल्या फलकावर सहसा दिसत नाहीत.

या साऱ्याच्या मध्यभागी एक कागद आहे: फॉर्म ७००. प्रत्येक विमानाचा स्वतंत्र. आपापले काम तपासून ज्या त्या ट्रेडचा माणूस त्यावर सही करतो, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो. लाल फिती लावलेल्या सुरक्षा पिना काढून वैमानिकाला दाखवल्या जातात, सलाम होतो, विमान सुटते. ते परत दिसेपर्यंत सही करणाऱ्याचा जीव थाऱ्यावर नसतो.

कधी ते परत येत नाही. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. विमान पडले की पहिल्यांदा जप्त होतो तो हाच फॉर्म. पुढे कारण पक्षी धडकल्याचे निघो वा आणखी काही, चौकशी पूर्ण होईपर्यंत सही करणारा आपला प्रत्येक बोल्ट मनात पुन्हा आवळत असतो. निवृत्त मंडळी या विषयावर येऊन थांबतात. तिथे घाई करू नये.

महाराष्ट्राचा या विमानांशी संबंध जवळचा आहे. १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिगसाठीचा कारखाना सुरू झाला. एंजिने ओडिशातल्या कोरापुटला बनत, विमान ओझरला उभे राही. पुढे तिथेच सुखोई-३० एमकेआय तयार झाले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए ओझरहूनच आकाशात गेले. वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपोही ओझरचाच. नाशिक जिल्ह्यात अशी घरे आहेत जिथे आजोबांनी मिग जोडले आणि नातू सुखोईवर काम करतो.

१९७१ साली विशीत असलेला एअरमन आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याच्या आठवणी नोंदवायला मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. फोनवर आवाज टिपता येतो. मात्र ‘युद्ध कसे होते’ असे विचारू नये. ट्रेड कुठला होता ते विचारावे. पहिले विमान कुठल्या नंबरचे, ताम्बरमला की जालाहळ्ळीला शिकलात, पठाणकोटच्या थंडीत गार पडलेल्या बोटांनी स्प्लिट पिन कशी बसवत होता, हरवलेला एक पाना सापडेपर्यंत विमान किती वेळ थांबले, आणि तो अखेर सापडला कुठे?