हौशी घोडेस्वार आणि संलग्न स्पर्धा

डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांत कबड्डीचे सामने ज्यानें पाहिले नाहींत असा मनुष्य विरळा. जत्रेच्या निमित्तानें दिव्यांच्या उजेडांत रात्रभर चालणारे सामने निराळे, आणि संघटनेच्या पंचांनीं खेळाडूंच्या वयाचे दाखले तपासून घेतलेले सामने निराळे, हें येथील शाळकरी मुलालाहि समजतें. पहिल्यांत ढाल मिळते; दुसऱ्यांतून निवड होते. हौशी घोडेस्वारांच्या स्पर्धांतहि हाच भेद आहे. परंतु तेथें तो इतका उघड दिसत नाहीं, आणि निवड चुकली तर तिचा भुर्दंड एकट्या खेळाडूवर न पडतां एका मुक्या जनावरावरहि पडतो.

समजा, डहाणूकडील एखाद्या चिकूच्या वाडीवाल्याच्या मुलीस किंवा तलासरीच्या एखाद्या शिक्षकाच्या मुलास घोड्यावर बसण्याचा नाद लागला. सुट्टींत मुंबईस अथवा पुण्यास नातलगांकडे राहून धडे घेतले, बैठक जमली, दुडक्या चालींत शरीर स्थिर राहूं लागलें, लहानसहान उड्याहि साधल्या. मग तिसऱ्या वर्षीं घरांत प्रश्न निघतो: स्पर्धेंत उतरावयाचें तर कोणत्या? महासंघाशीं संलग्न असलेल्या, कीं एखाद्या तबेल्यानें आपल्या हौसेनें भरविलेल्या असंलग्न? वडील खर्चाकडे पाहतात, मूल पदकाकडे पाहतें, आणि घोड्याचें मत कोणी विचारीत नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर सर्व प्रकारांना एकच नाहीं. नुसत्या शो-जंपिंगसाठीं एक, तर ज्या त्रिविध स्पर्धेस इव्हेंटिंग म्हणतात तिच्यासाठीं दुसरें. ही त्रिविध स्पर्धा मुळांत लष्करी परीक्षा होती. घोडा आज्ञाधारक आहे काय, उघड्या मुलखांत तो निर्भयपणें धांवतो काय, आणि एवढी दौड झाल्यावर तो कामास येण्याजोगा उरतो काय, हे तीन प्रश्न सेनापतीला पडत. त्यांतूनच तिचे तीन भाग झाले. आंखलेल्या चौकांत नेमून दिलेल्या चाली करून दाखवावयाच्या तें ड्रेसाज. ओंडके, खंदक, पाण्याचे डोह ओलांडीत रानांतून दौडावयाचें तें क्रॉस-कंट्री. आणि हलक्या दांड्यांवरून उड्या घ्यावयाच्या तें शो-जंपिंग. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें ती प्रथम आली तेव्हां तींत फक्त लष्करी अधिकारीच उतरूं शकत.

येथें गुण दंडाचे असतात. ज्याचा दंड कमी तो विजयी. ड्रेसाजमध्यें शेंकडा ६५ गुण पडले तर ते १०० मधून वजा होऊन ३५ दंडगुण नांवावर चढतात. क्रॉस-कंट्रींत घोड्यानें अडथळ्यापाशीं नकार दिला तर २०. त्याच अडथळ्यापाशीं पुन्हां दिला तर आणखी ४०. स्वार पडला तर तो स्पर्धेंतूनच बाद. नेमल्या वेळेपेक्षां जास्त लागलेल्या दर सेकंदास ०.४. शो-जंपिंगमध्यें दांडी पडली कीं ४. म्हणजे चौकांत महिनोन् महिने घासून मिळविलेले पांचसहा गुण एका ओंडक्यापुढें घोडा अडतांच वाहून जातात. स्वाराचें सारें चित्त त्यामुळें मधल्या भागावर असतें, आणि धोकाहि त्याच भागांत असतो. शो-जंपिंगची दांडी पाय लागतांच खालीं पडते; क्रॉस-कंट्रीचा ओंडका पडत नाहीं. घोड्याचे पुढचे पाय त्यांत अडकले तर घोडाच उलटतो, आणि उलटलेल्या घोड्याखालीं स्वार सांपडणें ही ह्या खेळांतील सर्वांत भयंकर गोष्ट होय. ह्यास्तव मोठ्या स्पर्धांत आतां कांहीं अडथळ्यांना ठराविक आघात बसतांच सुटणाऱ्या खिळी बसवितात.

संलग्नतेचा खरा अर्थ येथें कळतो. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ १९२१ सालीं स्थापन झाला. भारताचा महासंघ १९६७ सालचा. त्याच्या छत्राखालीं ठिकठिकाणचे क्लब. मुंबईंत महालक्ष्मीस असलेला अमॅच्युअर रायडर्स क्लब हा १९४२ सालचा, म्हणजे राष्ट्रीय महासंघाहूनहि वडील. ह्या सांखळींत भरलेल्या स्पर्धेंत अडथळ्याची उंची, दोन उड्यांमधील अंतर, जमिनीचा कस आणि पंचांची पात्रता ह्यांचें माप कागदावर लिहिलेलें असतें, आणि त्याबद्दल जबाब देणारा कोणी तरी असतो. लोक शिक्क्याकडे प्रतिष्ठा म्हणून पाहतात. तो मुळांत जबाबदारीचा शिक्का आहे.

ह्या शिक्क्याची किंमत मात्र द्यावी लागते. स्वाराची नोंदणी वेगळी, घोड्याची वेगळी, आणि घोड्याचें ओळखपत्रहि लागतें. मराठ्यांच्या फौजेंत शिलेदार आपला घोडा आपण घेऊन येई, बारगिरास सरकारी पागेंतून घोडा मिळे. आजचे हौशी स्वारहि ह्याच दोन जातींचे आहेत. क्लबाच्या घोड्यावर बसणाऱ्या बारगिरास घोड्याच्या कागदांची चिंता क्लबावर सोडतां येते. स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या शिलेदारास तीहि आपणच वाहावी लागते, आणि वैरण, नालबंद, मोतद्दार हें बाराहि महिने असतेंच. सारंगखेड्याच्या यात्रेंत भोंवरे आणि शुभलक्षणें पाहून डौलदार घोडा घरीं आणणाऱ्यास हें पुढें उमगतें. पंच भोंवरे पाहत नाहींत, चाल पाहतात.

ह्या खर्चाच्या बदल्यांत संलग्न स्पर्धेंतील निकालाची नोंद राहते, आणि ती नोंद पुढल्या पायरीवर उपयोगी पडते. बाल, कुमार आणि तरुण अशा वयोगटांची शिडी चढून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जावयाचें तर दुसरा मार्ग नाहीं. १९८२ सालच्या दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीर सिंग ह्यांनीं त्रिविध स्पर्धेचें सुवर्णपदक मिळविलें आणि संघाचें सुवर्णहि भारताकडेच आलें. २००० सालीं सिडनेस मुंबईचे इम्तियाज अनीस ह्याच स्पर्धेंत उतरले, आणि २०१८ सालीं जाकार्ता येथें फवाद मिर्झा ह्यांनीं वैयक्तिक रौप्यपदक जिंकलें. असंलग्न स्पर्धांतील ढालींचें कपाट भरून कोणीहि तेथें पोंचलेला नाहीं. दहावी-बारावीच्या परीक्षेंत मिळणारे क्रीडागुण किंवा नोकरींतील खेळाडूंच्या राखीव जागा ह्यांवर ज्या पालकांची नजर आहे त्यांनींहि शासनाच्या निर्णयांत खेळाचें नांव आणि स्पर्धेचा दर्जा आधीं वाचून घ्यावा. असंलग्न स्पर्धेचें प्रमाणपत्र तेथें चालेल ह्या आशेवर राहूं नये.

तथापि शिक्का म्हणजे न्याय, असेंहि समजण्याचें कारण नाहीं. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें ड्रेसाजचें सांघिक सुवर्ण स्वीडननें जिंकलें. पुढील वर्षीं तें काढून घेण्यांत आलें, कारण संघांतील पर्सन नांवाचा स्वार खरोखरीचा अधिकारी नसून साधा सार्जंट होता आणि त्यास केवळ खेळापुरतें लेफ्टनंट करण्यांत आलें होतें. घोडा तोच, चाली त्याच, पंचांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें कौशल्य तेंच. उणें पडलें तें पदाचें. पुढें नियम बदलला आणि १९५२ व १९५६ सालीं त्याच पर्सननें संघाबरोबर सुवर्णपदकें मिळविलीं. स्त्रियांना तर त्रिविध स्पर्धेंत ऑलिंपिकचें दार १९६४ सालीं उघडलें. नियम करणारींहि माणसेंच असतात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेवांचून भरलेल्या स्पर्धेंत उतरणाऱ्यास सहा महिने दूर ठेवण्याचा नियम घ्या. बेल्जियमच्या स्पर्धा-प्राधिकरणानें २०१५ सालीं शो-जंपिंगच्या एका नव्या सांघिक स्पर्धेपुरता तो तात्पुरता स्थगित केला. मोठ्यांच्या ह्या तंट्याचा डहाणूच्या मुलाशीं फारसा संबंध नाहीं. तरी पुढें बाहेर देशीं खेळण्याचा ज्याचा विचार आहे त्यानें असंलग्न स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वीं आपल्या क्लबास विचारलेलें बरें.

आतां असंलग्न स्पर्धा. तिला हिणविण्याची कांहीं लोकांना संवय असते, आणि ती गैर आहे. मूल पहिल्यांदा अनोळखी मैदानावर जातें, गर्दी पाहून घोडा कान टंवकारतो, ध्वनिक्षेपक ओरडतो, आणि घरीं पाठ असलेली चाल दोघेहि विसरतात. ही भीति मोडण्यास नोंदणीची जरूर नसते. चारपांच वेळां जाऊन येण्याची जरूर असते. मोतद्दाराच्या ज्या मुलास स्वतःचा घोडा नाहीं आणि नोंदणीचे पैसेहि नाहींत, त्यालाहि मालकानें परवानगी दिली तर येथें बसतां येतें, आणि असे मुलगे पुष्कळदां वाडीवाल्यांच्या मुलांहून सरस बसतात. इंग्लंडांत १९२९ सालीं निघालेला पोनी क्लब मुलांना तट्टांवर शिकवीत आला तो ह्याच हेतूनें कीं मोठ्या स्पर्धेपूर्वीं लहान चुका लहान ठिकाणीं व्हाव्यात.

परंतु बिनशिक्क्याच्या ठिकाणीं जबाब विचारण्याचें काम पालकानें स्वतः करावें लागतें. डॉक्टर आणि रुग्णवाहिका मैदानावर प्रत्यक्ष उभी आहे, कीं 'बोलावल्यास येईल' असें सांगतात? घोड्यांचा डॉक्टर आहे काय? अंगरक्षक जाकीट आणि हनुवटीखालीं पट्टा असलेलें शिरस्त्राण सक्तीचें आहे काय? क्रॉस-कंट्रीचा मार्ग आदल्या दिवशीं पायीं हिंडून पाहूं देतात काय? तो पाहतांना लाल निशाण उजव्या हातास आणि पांढरें डाव्या हातास ठेवून प्रत्येक अडथळ्यापाशीं उभें राहावें. जमिनींत खिळा, कांच, उंदराचें बीळ आहे काय तें पाहावें. ओंडक्याची कड धारदार आहे कीं गोल, हातानें चांचपावें. उतरणीच्या तळाशीं रचलेली उंच उडी दिसली तर मुलास परत आणावें, आणि प्रवेश-फी बुडाली म्हणून हळहळूं नये. पुष्कळ असंलग्न मेळाव्यांत क्रॉस-कंट्री वगळून फक्त ड्रेसाज आणि शो-जंपिंग ठेवतात. नवशिक्यास तेवढेंच उत्तम. पहिलीं दोन वर्षें ह्याहून अधिक कशासहि हात लावूं नये.

म्हणजे चौक आणि दांड्या शिकावयास असंलग्न स्पर्धा खुशाल निवडावी. परंतु न पडणाऱ्या ओंडक्यांवरून दौडण्याचा दिवस येईल तेव्हां संलग्न स्पर्धाच निवडावी, मग पदकाची आशा असो वा नसो. कित्येक लोक नेमकें उलट करतात. ड्रेसाजच्या लहानशा वर्गासाठीं महासंघाची नोंदणी करून घेतात, आणि क्रॉस-कंट्रीची हौस कोणा मित्राच्या फार्मवर, शेणाच्या पाट्या आणि बांबू रचून, भागवून घेतात.

डहाणू-तलासरीकरांना ह्यांत प्रवासाची अडचण आहे. डहाणू रोडपासून चर्चगेटपर्यंत सव्वाशें किलोमीटरच्या आसपास अंतर. स्वार लोकलनें जाईल, घोडा जाणार नाहीं. स्वतःचा घोडा असेल तर त्यास तलासरीहून महामार्गानें, किंवा डहाणूहून चारोटीस येऊन, गाडींतून न्यावें लागतें. डहाणूच्या महालक्ष्मीपासून मुंबईच्या महालक्ष्मीपर्यंतची ही यात्रा घोड्यास सोपी नाहीं. वळणावर आणि गतिरोधकावर तो चारी पायांवर तोल सांवरीत उभा असतो. १९७८ च्या जनावर-वाहतूक नियमांप्रमाणें पशुवैद्याचा दाखला बरोबर पाहिजेच. ग्लँडर्ससारखा रोग माणसासहि होतो, आणि २००६ सालीं तो महाराष्ट्रांतील घोड्यांत निघालेला होता, म्हणून दाखला नाक्यावर दाखविण्यापुरता घेऊं नये. स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, हिंवाळ्याचा. पुढें मुरमाची जमीन दगडासारखी होते, आणि तिच्यावरील दौड पायांच्या शिरांना बाधते. दहावीचें वर्ष त्याच हंगामांत पडतें, हेंहि आधींच धरून चालावें. वयोगट एक वर्षानें हुकला तरी पुढचा गट असतो.

परत आल्यावर, ढाल मिळालेली असो वा नसो, दुसऱ्या दिवशीं सकाळीं घोड्यास सपाट जमिनीवर दुडक्या चालीनें पळवून पाहावें आणि चारी पायांवरून गुडघ्याखालीं हात फिरवावा. एखादा पाय ऊन लागला किंवा चालींत खोट दिसली तर पशुवैद्यास दाखवावें. आणि पुढील स्पर्धेचा अर्ज, संलग्न असो वा असंलग्न, तोंपर्यंत भरूं नये.