काठावरच्या आई-बापांसाठी

बीडच्या माणसानं नौकानयनावर बोलायचं म्हटल्यावर ऐकणाऱ्याला हसू येणारच. आमच्याकडं पाण्याची चर्चा म्हणजे टँकर कधी येणार, बिंदुसरेला पाणी आलं का आणि माजलगावचं धरण किती टक्के भरलं. त्या पाण्यावर पोरांनी शर्यत लावावी, हे आमच्या स्वप्नातही येत नाही. पण दोन वर्षांपासून हा खेळ माझ्या घरात आला आहे. माझ्या पुतणीची मुलगी पुण्यात नववीत शिकते आणि अंधार असतानाच उठून वल्हं मारायला जाते. मला ती नाना म्हणते. तिच्या स्पर्धा पाहायला मी तीनदा गेलो. पाण्यावर जे पाहिलं, त्यापेक्षा जास्त काठावर पाहिलं. पोरांबरोबर आलेले आई-बाप पाहिले, त्यांची घालमेल पाहिली. त्यातून जे समजलं, ते आज आपल्यासमोर ठेवतो.

हा खेळ आपला नव्हे, असं म्हणणाऱ्यांना मी दत्तू भोकनळचं नाव सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचं काम केलेला हा मुलगा. २०१२ साली तो सैन्यात गेला, पुण्यात त्यानं वल्हं हातात धरलं, आणि सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती वाटायची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून आमच्या शेजारच्या लातूरची तहान भागवावी लागली. त्याच महिन्यात दत्तू दक्षिण कोरियातल्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवून रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. तिथं तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्यानं सुवर्णपदक जिंकलं. तेव्हा पाणी आपल्या दारात नाही, म्हणून हा खेळ आपल्या नशिबात नाही, असं समजू नये.

आता स्पर्धेला जायचं तर काय माहीत असावं? पहिली गोष्ट अशी, की या खेळात मूल पाठमोरं पुढं जातं. वल्हवणारा शेवटच्या रेषेकडं पाठ करून बसतो. जिथं पोहोचायचं ती जागा त्याला दिसत नाही, दिसतात ते फक्त मागं पडलेले. जो पुढं निघून गेला, तो त्याला मान वळवल्याशिवाय दिसतच नाही. आठ जणांच्या नावेत सुकाणू धरणारा नववा असतो, त्याचं तोंड मात्र पुढं. वल्हं मारणाऱ्यांनी त्याच्या आवाजावर विश्वास ठेवायचा असतो.

दुसरी गोष्ट, तुम्हाला शर्यत फार थोडी दिसते. मोठ्यांची शर्यत दोन हजार मीटरची, लहान गटांना अंतर कमी. जगातले अव्वल पुरुष एकेरीत साडेसहा ते सात मिनिटांत ती संपवतात. सुरुवात होते दूर, जिथं नावा म्हणजे पाण्यावर पडलेल्या काड्या वाटतात. नीट दिसतो तो शेवटचा तुकडा, एक-दीड मिनिटाचा. त्या एक-दीड मिनिटासाठी पोरानं वर्षभर पहाट मोडलेली असते. म्हणून आपल्या मुलाची शर्यत कितवी, त्याची नाव कोणत्या रांगेतून येणार, हे कागदावर लिहून ठेवा. नाहीतर दुसऱ्याच्याच मुलाला ओरडून प्रोत्साहन द्याल. तेही वाईट नाही म्हणा, पण आपल्याचं राहून जाईल.

स्पर्धा सकाळी लवकर सुरू होतात, कारण ऊन चढलं की वारा सुटतो आणि पाणी हलतं. मी फजरची नमाज झाली की निघत असे. डोक्याला टोपी किंवा उपरणं, प्यायला पाणी, बसायला सतरंजी आणि दुर्बीण असेल तर दुर्बीण, एवढं बरोबर असावं. पुण्यात दापोडीजवळ सैन्याचं मोठं नौकानयन केंद्र आहे. अशा लष्करी हद्दीत स्पर्धा असेल तर ओळखपत्र विसरू नका. पोरं नावा खांद्यावर घेऊन पाण्याकडं येतात, तेव्हा वाट सोडा. एकट्याची नाव सुमारे आठ मीटर लांब आणि वजनाला फक्त चौदा किलोच्या आसपास. आठ जणांची तर सतरा-अठरा मीटर. ती वळताना मागचं टोक कुणाच्या डोक्याला लागेल, सांगता येत नाही. जमिनीवर ठेवलेली वल्ही ओलांडू नका. वल्ह्यावर पाय पडला तर नुकसान हजारोंचं होतं.

शर्यतीपूर्वी मुलाच्या हातात डबा देऊ नका. मी पाहिलं, एका माउलीनं प्रेमानं पुरणपोळी आणली होती आणि पोरगी बिचारी आईला नाही म्हणू शकत नव्हती. आधी केळं, थोडा साधा भात, एवढं पुरे. पुरणपोळीची खरी जागा शर्यतीनंतर. आणि शेवटच्या तासात सूचना तर बिलकूल नकोत. सांगायचं ते प्रशिक्षकानं सांगितलेलं असतं. काठावरून "जोर लाव, जोर लाव" असं ओरडून काही होत नाही. या खेळात नुसता जोर लावून नाव पळत नाही. सगळ्यांची वल्ही एकदम पाण्यात पडावी आणि एकदम निघावी लागतात. तो तालाचा खेळ आहे. ओळीत एक मात्रा कमी-जास्त झाली की गझल अडखळते, तसंच इथं आहे.

आता मनातली भीती. बीड जिल्ह्यात विहीर, खदान, शेततळं यांत पोर गेल्याची बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून येते. ती भीती घेऊनच आपण काठावर उभे राहतो. तेव्हा लाज न बाळगता प्रशिक्षकाला विचारा. मुलाला पोहता येतं की नाही, हे तपासलं आहे का? सोबत इंजिनाची बचाव बोट असते का? नवशिक्यांना जॅकेट देता का? वीज कडाडू लागली तर सराव थांबवता का? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडं मूल पाठवण्याआधी पुन्हा विचार करावा. एक गोष्ट पोराला स्वतः बजावा. नाव उलटली तरी ती तरंगते. तेव्हा पोहत काठाकडं निघायचं नाही, नावेला धरून राहायचं. मदत तुमच्यापर्यंत येते.

हरण्याबद्दलही बोललं पाहिजे. नौकानयनात रेपेशाज नावाची एक फेरी अनेक स्पर्धांत ठेवत आले आहेत. शब्द फ्रेंच आहे. पाण्यात गेलेलं पुन्हा बाहेर काढणं, असा त्याचा मूळ अर्थ. पहिल्या फेरीत मागं राहिलेल्यांना पुन्हा एक संधी. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हरियाणाचा बलराज पनवार पहिल्या शर्यतीत चौथा आला. नंतर रेपेशाजमध्ये दुसरा येऊन त्यानं उपांत्यपूर्व फेरी गाठली. खेळ मुलाला दुसरी संधी देतो. आपण घरी देतो का? दहावी-बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, हे सगळं खरं आहे आणि ते मिळालं तर घ्यावं. पण काठावर उतरलेल्या, हातांना फोड आलेल्या पोराला पहिला प्रश्न "कितवा आलास?" हा नसावा. तो कितवा आला, हे तुम्ही पाहिलेलं असतं. "चल बाबा, आधी काहीतरी खाऊन घे," एवढं म्हणावं. बाकीचं तो स्वतः सांगेल, आज नाही तर उद्या.

आणि जे येऊ शकत नाहीत, त्यांचं काय? हा प्रश्न मला पुण्याच्या काठावर सतत आठवत होता. शालेय स्पर्धा तालुक्याला सुरू होतात पावसाळ्यात. जिल्हा, विभाग करत राज्यापर्यंत जाता जाता दिवाळी उलटते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातले लाखो आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. मुकादमाची उचल घेतलेली, फड सोडून यायचं तर खाडा पडतो. पोरगी खो-खोत जिल्ह्याला पहिली येते, तेव्हा तिची आई कुठल्यातरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असते. दत्तू रिओत वल्हवत होता, तेव्हा त्याची आईही अपघातानंतर आजारी होती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटर चालत-पळत शाळा गाठायचा. त्या रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला कोण उभं होतं? २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक घेतलं, तेव्हा मात्र सारा जिल्हा टाळ्या वाजवत होता.

म्हणून काठावर उभं राहण्याचं काम फक्त जन्मदात्यांचं नाही. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या, आजीजवळ ठेवलेल्या पोराची स्पर्धा असेल, तर शेजाऱ्यानं जावं, चुलत्यानं जावं, निवृत्त गुरुजींनी जावं. मैदान कबड्डीचं असो की कुस्तीचं, सगळीकडं तेच. खिशातला फोन काढून फडातल्या आईला दोन मिनिटं दाखवावं, तुमची लेक कशी पळते आहे ते. त्यासाठी खेळाचे नियम माहीत असण्याचीही गरज नाही. मुलाचं नाव माहीत असलं आणि ते मोठ्यानं हाक मारून घेता आलं, तरी पुष्कळ झालं.