संयम म्हणजे मन मारणे नव्हे



यवतमाळ जिल्ह्यातील अंगणवाडीत कर्जापायी पिता गमावलेले लेकरूही बसलेले असते. त्याला कुशीत घेऊन सेविकेने हसतमुखाने बडबडगीत म्हणावयाचे! तिचा कंठ दाटतो, कधी संतापही येतो. तो गिळून टाकणे म्हणजे संयम नव्हे.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. वस्तीवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना दोष न देता त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. चिडण्याऐवजी ‘मूल असे का वागते?’ हे शोधणे, हाच खरा संयम होय.

परंतु सेविकेच्या मनावरील भार कोणी हलका करावयाचा? आपल्या गावच्या सेविकेची आपण कधी आस्थेने विचारपूस केली आहे काय?